केवडा पडलाय का?

"बाग किती म्हणायची?"

मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरवरच्या माणसानं हे विचारलं, तेव्हाच मी खरं सांगून मोकळा व्हायला हवा होतो. पण माझ्या मागे तासगावकडचे दोन द्राक्षबागायतदार उभे होते. छाटणी होऊन महिना झालेला, त्यात दोन दिवस अवकाळी पाऊस पडून गेलेला. दोघांच्या कपाळावर कर्जाचे हप्ते वाचता येत होते. अशा माणसांसमोर 'बाग नाही हो, बायको दागिने करते' असं म्हणायला जीभ रेटेना.

"थोडीच आहे," मी म्हणालो.

"थोडी म्हणजे? अर्धा एकर?"

"गॅलरीत आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आणि मोरचूद किती पाहिजे?"

"अर्धा किलो." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचे निळे खडे.

"बोर्डो फवारायला ना? एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. अर्ध्याला अर्धा. चुना देऊ का?"

"चुना नको."

हे ऐकून मागच्या बागायतदारांपैकी एकाला राहवलं नाही. "अहो, चुन्याबिगर मोरचूद मारलं तर पानं जळतील की!"

"पानं वाळवलेलीच आहेत," मी म्हणालो.

आता दुकानातले सगळेच माझ्याकडे बघायला लागले. काउंटरवाला मात्र समजूतदार होता. आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात त्यानं विचारलं, "डावणी आलीय का?"

"कोण डावणी?"

"डावणी हो. पुस्तकात केवडा म्हणतात बघा. केवडा पडलाय का?"

केवडा हा शब्द कानावर पडला आणि माझ्या जिवात जीव आला. इतक्या वेळात मला कळलेला तो पहिलाच शब्द. "हो हो, केवड्यासाठीच न्यायचंय! दोन केवडे आहेत, आठ दिवसांत पुरे करायचेत. लग्न आहे."

कुणीच काही बोललं नाही. काउंटरवाल्यानं मोरचूद तोललं, पुडीवर माझा मोबाईल नंबर लिहून घेतला, मग लक्षात येऊन पुडी बदलली आणि नंबर वहीत उतरवला. "दहा दिवसांनी फोन करतो साहेब. केवडा गेला का तेवढं सांगा."

त्याचा केवडा म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पडणारा बुरशीचा रोग, हे मला मागाहून कळलं. आता झाला प्रकार सांगतो. आमच्या हिनं सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात बॉटनी केलं. मी कॉमर्सवाला, पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर. म्हणजे दिवसभर लोकांचं सोनं मोजून कपाटात ठेवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याकडं ते का नाही यावर दोन शब्द ऐकायचे, इथपर्यंत आमचा दागिन्यांशी संबंध. लॉकडाऊनमध्ये इतरांच्या घरी केक झाले, आमच्याकडे रेझिन आलं. फुलं वाळवायची, साच्यात ठेवायची, वरून रेझिन ओतायचं. त्यात बुडबुडे यायचे. बुडबुडे घालवायला मी हेअर ड्रायर धरायचो आणि फूल उडून साच्याच्या कडेला जायचं. त्या काळातल्या आमच्या सगळ्या पेंडंटमध्ये फूल कडेला आहे. ही त्याला 'रचना' म्हणायची. जाऊ द्या.

खरा ताप सुरू झाला तो रेझिन सोडून आम्ही धातूवर आलो तेव्हा. पानावर तांबं चढवता येतं, हे हिला कुठूनसं कळलं. पान काही वीज वाहून नेत नाही, म्हणून त्याला आधी वॉर्निश, मग ग्राफाइटचा लेप. मग मोरचूद आणि पातळ गंधकाम्लाच्या निळ्या पाण्यात ते उलटं टांगायचं. शेजारी तांब्याचा पत्रा. पत्र्याला प्लस, पानाला मायनस, अगदी बारीक करंट, आणि रात्रभर वाट बघायची. पत्र्यावरचं तांबं सुटतं, पाण्यातून चालत येतं आणि पानावर बसतं. पहाटे पान बाहेर काढलं की शीर न् शीर उठून आलेली असते. ते बघताना, मी कबूल करतो, अंगावर काटा येतो. पण करंट जरा जास्त झाला की तेच तांबं करपल्यासारखं काळं, रवाळ बसतं आणि बेलाच्या पानाचं भजं होतं. भजं होऊ नये म्हणून रात्री दर दोन तासांनी कुणीतरी उठून काटा बघावा लागतो. आमच्या पोराच्या दात येण्याला मी एवढा जागलो नव्हतो.

या निळ्या पाण्यासाठी ॲसिडला दाद न देणारं भांडं हवं होतं. चिनी मातीचं. तशी घरात एकच बरणी होती आणि ती आईच्या लोणच्याची होती. पुढचं मी सविस्तर सांगत नाही. आईनं त्या बरणीवर खडूनं 'विष' असं लिहिलं, आणि नवीन आणलेल्या लोणच्याच्या बरणीवर 'विष नाही'. हे दुसरं वाचून पाहुण्यांनी आमच्याकडे लोणचं खायचं सोडलं.

त्यात पिंपळाची भर. पुस्तकात ठेवलेलं पिंपळाचं जाळीदार पान सगळ्यांना आवडतं. पण ती जाळी पुस्तकात होत नाही, पाण्यात होते. पानं तीन-चार आठवडे बादलीत भिजवायची, मधला गर कुजू द्यायचा, मग मऊ ब्रशनं तो अलगद काढायचा. त्या तीन-चार आठवड्यांत बाथरूममध्ये जो वास राहतो तो कुठल्याही कवितेत आलेला नाही. आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पिंपळाला पाणी घालावं असं शास्त्रात आहे. पिंपळाला पाण्यात घालावं असं कुठंय?"

आईचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच होता. आम्ही काही नवीन करतोय, हेच तिला मान्य नाही. एकदा तिनं पेटी उघडून दाखवली. "ही काय, बोरमाळ. हा बकुळीहार. ही जोंधळी पोत. ही चिंचपेटी. आणि हा अंबाड्यात खोचायचा केवडा. माझ्या आजेसासूबाई नटून निघाल्या की रान चालत निघाल्यासारखं दिसायचं. झाडाझुडपांचे दागिने म्हणे! आमच्याकडे दुसरे होते कुठले?" यावर हिनं वहीत भराभर नोंदी केल्या आणि आईकडून तो केवडा महिनाभर नमुन्याला मागून घेतला. सासू-सुनेचं भांडण मिटवायचा याहून स्वस्त मार्ग मला अजून सापडलेला नाही.

नमुने बघायला म्हणून ही मला सप्टेंबरात कासला घेऊन गेली. हे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलंय. तिथं फूल तोडायचं नाही हा नियम, आणि आमची ही त्या पठाराची धाकटी वनरक्षक असल्यासारखी वागते. तोडायचं नाही म्हणजे बघून काढायचं. बघायचं म्हणजे पोटावर आडवं व्हायचं, कारण सीतेची आसवं ही फुलं जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मी चिखलात आडवा, ही वहीत रेघा मारतेय, आणि मागून जाणारं एक कुटुंब थांबून विचारतंय, "काय हरवलं का?" तिथंच मला कळलं की सीतेची आसवं ही वनस्पती बारीक जीव पकडून खाते. सीतामाईच्या आसवांनी असं वागावं याचं मला वाईट वाटलं. पण ही म्हणाली की एवढी वर्षं वनवास काढल्यावर भूक लागणारच.

तिथल्या वायतुऱ्याची आम्ही कानातली केली. ही वनस्पती साताऱ्याचीच, शास्त्रीय नावच अपोनोजेटॉन सातारेन्सिस. तिचा तुरा वर जाऊन दुभंगतो. प्रदर्शनात सांगलीच्या बायका ती कानातली हातात घ्यायच्या, लांब धरून बघायच्या आणि विचारायच्या, "सापाची जीभ आहे का?" आम्ही सगळं समजावून सांगायचो. मग त्या म्हणायच्या, "असू दे, पण सापाची जीभच वाटतीय." शेवटी एक मुलगी आली आणि म्हणाली, "सापाची जीभ असेल तरच पाहिजे." तिला आम्ही सापाची जीभ म्हणून दोन जोड विकले.

दसऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कल्पना माझी होती, हे आधीच सांगतो. आपट्याच्या खऱ्या पानावर तांबं चढवून कानातली! सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! पानंही मीच आणली, विश्रामबागेतल्या एका रस्त्याकडेच्या झाडाची. वीस जोड झाले. हरभट रोडच्या बाजूला टेबल मांडलं. पहिल्याच मावशींनी जोड उचलला. "केवढ्याला?"

"साडेतीनशे."

"कशाचं आहे?"

"तांब्याचं."

मावशींनी समोरच्या पाटीवाल्याकडे बोट दाखवलं. "तो तिथं बसलाय, तो वीस रुपयाला जुडी देतोय आणि त्याला सोनं म्हणतोय. तुम्ही साडेतीनशे घेऊन तांबं म्हणताय. कसं व्हायचं तुमचं?"

व्यापाराचं एवढं नेमकं शिक्षण मला पतसंस्थेच्या कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. पण खरा घाव पुढेच होता. एक निवृत्त शिक्षिका आल्या. चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाल्या, "अहो, हा आपटा नाही. आपट्याचं पान आडवं, लांबीपेक्षा रुंद. हा कांचन आहे. दसऱ्याला सगळीकडे हीच फसवणूक चालते."

ही माझ्याकडे हळूहळू वळली. बॉटनीचं प्रमाणपत्र भिंतीवर असलेल्या बाईच्या टेबलावर, भर दसऱ्याला, चाळीस पानं कांचनाची. तिनं आठवडाभर त्यांना वॉर्निश लावलं होतं, पण 'अहो, आपटा आहे ना नक्की?' एवढं एकदाच विचारून तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता. त्या क्षणी मला जे सुचलं ते कुठून सुचलं देव जाणे. मी बाईंना म्हणालो, "कांचनच आहे. मुद्दामच घेतलाय. कांचन म्हणजे सोनंच की!" बाई हसल्या आणि एक जोड घेऊन गेल्या. आम्ही पाटी बदलली आणि किंमत वीस रुपयांनी वाढवली. हिनं मला माफ केलं, पण त्या दिवसापासून पान आणायला मला एकट्याला पाठवत नाही.

आता लग्नाकडे येतो. हिचे मामा विट्याचे. खानापूर-आटपाडीकडच्या माणसांना दुष्काळानं घराबाहेर काढलं आणि ती देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसली, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मामा त्यातलेच, चाळीस वर्षं कोइमतूरला. जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडलोट, कानशीचा भुगा, काय येईल ते मुशीत घालून शुद्ध धातू बाजूला काढायचा. म्हणजे जगातला प्रत्येक दागिना त्यांना वितळायचा राहिलेला दिसतो. त्यांच्या मुलीचं तुळशीच्या लग्नानंतर विट्याला लग्न. मुलीचा हट्ट, की हळदीला ताईच्याच हातचं घालणार. दोन केवडे तांब्याचे आणि एकावन्न फुलांचा बकुळीहार चांदीचा.

केवडे जमले. केवड्याच्या पातीला काटे असतात, ते माझ्या बोटांना आधी समजले आणि हिला माझ्या ओरडण्यावरून. मोरचूद कुठून आणलं ते वर सांगितलंच आहे. घोळ झाला तो बकुळीत.

सराफ कट्ट्यावरच्या एका जुन्या कारागिराकडे आम्ही विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "वहिनी, बकुळीच्या पाकळ्या कोण मोजतंय? साच्यावर पत्रा ठोकायचा, फूल तयार."

"फूल तयार, पण बकुळ नाही," ही म्हणाली. घरी येऊन तिनं साड्यांच्या घड्यांतून मागच्या उन्हाळ्यातली वाळलेली बकुळ काढली. वास अजून तसाच. भिंगाखाली धरून मला दाखवलं: पाकळ्या आठ, पण प्रत्येकीच्या पाठीला आणखी दोन-दोन उपपाकळ्या, म्हणजे बघणाऱ्याला चोवीस टोकं. एकावन्न फुलं गुणिले चोवीस. आकड्यांशी माझा रोजचा संबंध असल्यानं कॅल्क्युलेटर लागला नाही. १२२४ टोकं. कापायची तिनं, कानसायची मी.

आठवडाभर मी ऑफिसमध्ये तारण ठेवायला आलेल्या दागिन्यांची टोकं मोजत होतो. एका बाईंच्या बकुळीहाराकडे बघून "फक्त सोळाच?" असं तोंडातून गेलं, तर त्या घाबरून म्हणाल्या, "साहेब, घेतला तेव्हापासून एवढाच आहे."

चोवीस टोकांचे थर एकमेकांवर बसवायचे म्हणजे डाग देऊन सांधायचे. सवागी म्हणजे टाकणखार लावायचा, डागाचा म्हणजे सांध्याच्या चांदीचा तुकडा ठेवायचा आणि ज्योत धरायची. ज्योत धरायचं काम माझं. आपल्या ९२.५ टक्क्यांच्या चांदीला वितळायला नऊशे अंशांच्या आसपास लागतात आणि डागाची चांदी त्याच्या जरा आधी वितळते. सोनाराची सगळी विद्या या 'जरा आधी'त आहे. माझी सगळी अडचणही तिथंच आहे. ही म्हणते, "बस्स, काढा." मी म्हणतो, "काय?" आणि या दोन शब्दांच्या मधे फूल लाल होतं, लाजल्यासारखं आक्रसतं, एकदम आरशासारखं चमकतं आणि टुणकन गोळी होऊन बसतं. सात दिवसांच्या कानशीची अगदी गोल, गुळगुळीत, निरागस गोळी. वितळलेली चांदी अशी स्वतःलाच कवटाळून घेते. शास्त्र आहे म्हणे.

पहिल्या गोळीला ही काही बोलली नाही. चौथ्या गोळीला "मीच धरते" म्हणाली. मग पाचवी आणि सहावी गोळी तिच्या हातची झाली, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण घरात हे कुठंच नोंदवलेलं नाही. पहाटे दोनपर्यंत फुलं चाळीस आणि गोळ्या अकरा. चांदी संपलेली, उद्या दुपारी मामा न्यायला येणार. हार चाळिसाचाच ओवला. गोळ्या मी लपवाव्यात म्हणून बशीत घालून देवघरात ठेवल्या. तिथं आईनं सकाळी त्यांना हळदकुंकू वाहिलं.

मामा आले. पाणी घेतलं. केवडे हातात घेतले, खिशातून छोटा वजनकाटा काढला. "बावीस ग्रॅम. आत काय, पान आहे? मग पानाचं वजन वजा." हार उजेडात धरला. "गाळल्यावर किती निघंल?" ही कळवळून म्हणाली, "मामा, गाळायचा नाही, घालायचाय!" तोवर त्यांची नजर देवघराकडे गेली होती. उठले, बशी उचलली, हळदकुंकू फुंकून एक गोळी बोटांत फिरवली. काट्यावर ठेवली. दुसरी ठेवली. मग सांगायला लागले, की त्यांच्या वडिलांच्या वेळी गुंजांवर तोलायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. "सोनं मोजायला शेवटी वेलीचं बीच लागायचं की." एवढं बोलून त्यांनी विचारलं, "ह्या कुणी केल्या?"

"ह्यांनी," ही म्हणाली. पाचवी-सहावी तेव्हाही बोलली नाही.

"जावईबापू," मामांचा आवाज भरून आला होता, "दागिना काय, कोणपण करतंय. पर येवढ्याशा आगीवर अशी गोल गोळी? चाळीस वर्षं झाली मला मूस धरून. कोइमतूरला माणूस पाहिजे आहे. पतसंस्थेत काय ठेवलंय? या तिकडं."

"न्या," ही म्हणाली.

आई आतून आली, बशी बघितली आणि म्हणाली, "अगं, ही तर बोरमाळ झाली की." मला आता खात्री आहे, की इतिहासातली पहिली बोरमाळ ही अशीच कुणाच्या तरी बकुळीहारातून पडली असणार, आणि त्या सोनाराच्या बायकोनंही दोन बोरं स्वतः केलेली असणार. मामांनी हार घेतला, केवडे घेतले, गोळ्याही घेतल्या. पैसे द्यायला लागले, ही घेईना. मग त्यांनी तांब्याचा बाजारभाव विचारला आणि तेवढे पैसे आमच्या पोराच्या हातावर ठेवले. लग्न छान झालं. अकरा गोळ्यांना भोकं पाडून मामींनी त्या काळ्या मण्यांत ओवून घातल्या होत्या, आणि मांडवात त्यांचीच चौकशी जास्त होती.

परतीच्या वाटेवर तासगावच्या पुढे मोबाईल वाजला.

"साहेब, कृषी सेवा केंद्रातनं बोलतोय. केवडा गेला का?"

"गेला," मी आनंदानं म्हणालो.

"कुठं गेला?"

"विट्याला."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग तो दुकानात कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आला, "अरं, विट्याकडं केवडा पोचला बघ! दोन पोती मोरचूद जादा सांगून ठेव!"